जन्मानंतर बंद झालेलं जनुक

हिमोग्लोबिनची तपासणी एचपीएलसी या, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या यंत्रावर लावली की कागदावर एक आलेख उमटतो. निरोगी मोठ्या माणसाचा आलेख तसा कंटाळवाणाच असतो. अडीच मिनिटांच्या सुमाराला 'ए'चा, म्हणजे मोठ्यांच्या नेहमीच्या हिमोग्लोबिनचा, एक उंच सुळका, साडेतीनच्या पुढे 'ए-टू'चा बारीकसा उंचवटा, संपलं. अगदी डावीकडे, पहिल्या मिनिटाच्या आसपास, 'एफ'ची, म्हणजे गर्भातल्या हिमोग्लोबिनची, जागा असते. ती जवळपास सपाट. मोठ्या माणसात एफचं प्रमाण साधारण एक टक्क्याच्याही खाली असतं. नवजात बाळाचा कागद हातात घेतला तर सगळं उलटं: निम्म्याहून कितीतरी जास्त हिमोग्लोबिन एफ, आणि ए आपला नुकता डोकं वर काढतोय.

हे आलेख वाचणं हे माझं रोजचं काम. रोजच्या कामातलं कुतूहल लवकर मरतं म्हणतात. या एफच्या बाबतीत माझं तसं झालं नाही, कारण तिथे एक गोष्ट मला कायम विलक्षण वाटत आली आहे. बाळ वर्षाचं होईतो एफ जवळजवळ संपतं, पण ते बनवणारं जनुक कुठे जात नाही. मरेपर्यंत ते आपल्या पेशींमध्ये धडधाकट, अक्षर न् अक्षर शाबूत असतं. फक्त त्याची प्रत काढली जात नाही. म्हणजे ते कुणीतरी बंद ठेवलेलं आहे, आणि एकदाच बंद करून सोडून दिलेलं नाही. अस्थिमज्जेत तांबड्या पेशी घडत असताना प्रत्येक वेळी, जन्मभर, ते बंद ठेवावं लागतं. हे काम करणाऱ्या प्रथिनांतलं सगळ्यात महत्त्वाचं प्रथिन म्हणजे बीसीएल११ए. नाव रुक्ष आहे. एखाद्या गाळ्याचा क्रमांक असावा तसं.

मुळात दोन हिमोग्लोबिनं हवीत कशाला? गर्भाला स्वतःच्या फुप्फुसांतून हवा मिळत नाही. आईच्या रक्तातला ऑक्सिजन वारेतून ओढून घ्यावा लागतो, आणि ओढून घ्यायचा तर आपली पकड आईच्या पकडीपेक्षा घट्ट हवी. मोठ्यांच्या हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात. गर्भाच्या हिमोग्लोबिनमध्ये बीटाच्या जागी गॅमा. बीटा साखळीत १४३व्या जागी हिस्टिडिन हे अमिनो आम्ल असतं, गॅमात तिथे सेरीन. एवढ्या फरकाने तांबड्या पेशीतला २,३-बीपीजी नावाचा रेणू गॅमाला नीट चिकटत नाही. ऑक्सिजन सोडायला लावणं हे त्या रेणूचं काम. तो नीट चिकटला नाही की ऑक्सिजन धरून ठेवला जातो. अल्फा सोडून ही सगळी जनुकं ११व्या गुणसूत्रावर एका ओळीत आहेत, आणि ज्या क्रमाने ती आयुष्यात वापरली जातात त्याच क्रमाने मांडलेली आहेत: आधी भ्रूणावस्थेतलं एप्सिलॉन, मग दोन गॅमा, मग डेल्टा आणि शेवटी बीटा. जीवशास्त्रात इतकी नीटनेटकी मांडणी क्वचित सापडते, त्यामुळे ती पाहिली की मला उगाचच बरं वाटतं.

जन्मानंतर आईशी ही चढाओढ संपते आणि गॅमाची गरजही संपते. पण गॅमा चालू राहिलं तर काही बिघडतं का? नाही. काही घराण्यांमध्ये ते जन्मभर चालूच राहतं. कधीतरी एखाद्या ठणठणीत माणसाच्या आलेखात डावीकडे दहा-पंधरा टक्क्यांचा एफ उभा दिसतो. त्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. भलत्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत तो सापडतो. वैद्यकीय नोंदींमध्ये तर अशीही माणसं आहेत, ज्यांच्या रक्तात जवळपास सगळंच हिमोग्लोबिन गर्भातलं आहे. ती नोकऱ्या करतात, त्यांना मुलंबाळं होतात.

हे सगळं नुसतं कुतूहल म्हणून राहिलं असतं, जर सिकलसेल नसता.

सिकलसेलमध्ये बीटा जनुकातलं एक अक्षर बदललेलं असतं. त्यामुळे बीटा साखळीच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की ही बदललेली हिमोग्लोबिनं एकमेकांना चिकटून लांब ताठ तंतू बनवतात, पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांमध्ये अडकते. मग ज्याला सगळे 'क्रायसिस' म्हणतात ते सुरू होतं, हाडांत शिरणाऱ्या वेदनांचं. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी या वाकड्या पेशींचं वर्णन १९१० साली छापलं. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली हा रेणूचा आजार असल्याचं दाखवलं, आणि तो निबंध वैद्यकाच्या इतिहासात अजरामर झाला. झाला ते योग्यच.

पण त्याच्या आदल्याच वर्षी, १९४८ साली, ब्रुकलिनमधल्या जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ बाईंनी एक साधी गोष्ट लिहून ठेवली होती. ज्या बाळांना हा आजार वारशाने मिळालेला आहे, त्यांच्याही रक्तात जन्मतः वाकणाऱ्या पेशी फारच कमी असतात. पहिले काही महिने ही बाळं छान असतात, नंतर हातापायांना सूज येऊन पहिला तडाखा बसतो. गर्भातलं हिमोग्लोबिन त्यांचं रक्षण करत असावं, असा अंदाज त्यांनी मांडला. माझ्या मते या आजारावरच्या उपचाराची खरी सुरुवात इथे आहे. आजार काय आहे हे पॉलिंगनी सांगितलं, तो कुठल्या वाटेने टाळता येईल हे वॉटसनबाईंनी. पाठ्यपुस्तकांमध्ये मात्र पहिल्या गोष्टीला पान मिळतं आणि दुसरीला फार तर ओळ.

पुढे पुरावे साचत गेले. सौदी अरेबियाच्या पूर्व भागातले आणि भारतातल्याही काही समूहांतले सिकलसेलचे रुग्ण तुलनेने सौम्य आजार घेऊन जगताना दिसले, आणि त्यांच्या रक्तात एफ जास्त निघालं. कारणही समजलं: गॅमा साखळी असलेलं हिमोग्लोबिन त्या ताठ तंतूंमध्ये बसतच नाही, त्यामुळे तंतू वाढत नाही. मात्र इथे एक मेख आहे, आणि अहवालातल्या एका आकड्यावरून ती कळत नाही. एफ वीस टक्के असलं तरी ते काही थोड्याच पेशींमध्ये गच्च भरलेलं असेल, तर उरलेल्या पेशी वाकणारच. ते सगळ्या पेशींमध्ये वाटलेलं हवं.

म्हणजे काय करायला हवं हे माहीत होतं. गॅमा पुन्हा चालू करायचं. कसं, हे माहीत नव्हतं. १९८२ साली ५-अॅझासायटिडीन या औषधाने एफ वाढतं असं आधी बबून माकडांत आणि मग रुग्णांत दिसलं, पण ते औषध जहाल. त्यातून पुढे हायड्रॉक्सीयुरियाकडे लक्ष गेलं. अमेरिकेत त्याला सिकलसेलसाठी १९९८ साली मान्यता मिळाली आणि आजही जगभर सर्वात आधी दिलं जाणारं औषध तेच आहे. स्वस्त आहे, गोळी आहे, आणि त्याने कितीतरी लोकांचं आयुष्य सुसह्य केलं आहे. नव्या उपचारांच्या झगमगाटात त्याला कमी लेखणारे लेख वाचले की मला राग येतो. तरीही ते सगळ्यांना सारखं लागू पडत नाही, आणि ते नेमक्या कुलपावर घातलेला घावही नाही. कुलूप कुठलं हेच तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

बीसीएल११ए सापडलं ते अनपेक्षित दिशेने. नावातलं 'बीसीएल' आलं पांढऱ्या बी-पेशींच्या कर्करोगांवरून. तांबड्या पेशींशी त्याचा संबंध असेल असं कुणाच्या डोक्यात नव्हतं. ते जनुक दुसऱ्या गुणसूत्रावर, ग्लोबिनची जनुकं ११ आणि १६ वर. २००७ आणि २००८ साली लंडनमधला एक गट, सार्डिनिया बेटावरचा एक गट आणि अमेरिकेतले संशोधक एकच साधा प्रश्न विचारत होते: काही माणसांत एफ थोडं जास्त असतं, काहींत थोडं कमी, तर त्यांच्या जनुकसंचात कुठल्या जागी फरक आहे? कुठलंही गृहीतक नाही, सगळा जनुकसंच चाळायचा. अशा अभ्यासांवर तेव्हा बरीच टीका व्हायची, की लाखो जागा तपासून शेवटी हाती काय लागतं, तर कुठेतरी एक बारीकसा कल. इथे त्या चाळणीत दुसऱ्या गुणसूत्रावरची ही जागा ठळकपणे वर राहिली. मग डिसेंबर २००८ मध्ये विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांच्या चमूने बोस्टनमधून दाखवून दिलं की मोठ्या माणसाच्या तांबड्या पेशी घडत असताना बीसीएल११ए कमी केलं तर गॅमा जागं होतं. शंकरन तेव्हा विद्यार्थी होते. वॉटसनबाईंच्या निरीक्षणाला बरोबर ६० वर्षं झाली होती.

२०११ साली याच चमूने सिकलसेल असलेल्या उंदरांमध्ये फक्त तांबड्या पेशींच्या वंशातून बीसीएल११ए काढून टाकलं. उंदरांच्या आजाराची लक्षणं गेली. एकच प्रथिन काढलं, बाकी काही नाही. सदोष बीटा जनुक जागच्या जागी होतं.

हे प्रथिन नेमकं करतं काय हे समजायला आणखी काही वर्षं लागली, आणि तो भाग मला सगळ्यात आवडतो. बीसीएल११ए डीएनएला हाताळतं ते जस्ताच्या अणूभोवती वळलेल्या छोट्या घड्यांनी. त्यांना झिंक फिंगर म्हणतात. २०१८ साली स्पष्ट झालं की यातल्या काही घड्या टीजीएसीसीए हा सहा अक्षरांचा क्रम ओळखतात, आणि तो क्रम गॅमा जनुक सुरू होण्याच्या साधारण ११५ अक्षरं आधी आहे. तिथून जरा पुढे एनएफ-वाय नावाचं, जनुक चालू करणारं प्रथिन बसू पाहत असतं. बीसीएल११ए आपल्या जागी बसलं की एनएफ-वायला बसायला मिळत नाही. गॅमा बंद.

आता ती ठणठणीत माणसं आठवा, ज्यांचं गॅमा जन्मभर चालू राहतं. त्यांच्यापैकी काही घराण्यांतले बदल १९९०च्या सुमारापर्यंत वाचून झाले होते: गॅमाच्या आधी ११७व्या अक्षरावर, किंवा ११४व्या. म्हणजे नेमके त्या सहा अक्षरांच्या आत. एक अक्षर बदललं, बीसीएल११एला ती जागा ओळखता येईना, कुलूप लागलंच नाही. उत्तर तीन दशकं छापील कागदावर पडून होतं, फक्त त्या जागी बसणारं प्रथिन कोण हे कळायचं होतं. (ते एकटंच आहे असंही नाही. गॅमाच्या २०० अक्षरं आधी एलआरएफ नावाचं दुसरं प्रथिन असाच पहारा देतं. पण एका लेखात किती प्रथिनं कोंबायची.)

मग उपाय सरळ दिसतो: बीसीएल११ए मोडून टाका. अडचण इथूनच सुरू होते.

शरीर एकच प्रथिन अनेक ठिकाणी, अनेक कामांना जुंपतं. बीसीएल११ए पूर्णपणे नसलेली उंदराची पिल्लं जन्मल्यावर लगेच मरतात, आणि त्यांच्यात बी-पेशी तयार होत नाहीत. अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींनाही, म्हणजे ज्यांच्यापासून सगळ्या रक्तपेशी घडतात त्यांनाही, ते लागतं. ते काढलं तर त्या अकाली म्हाताऱ्या झाल्यासारख्या वागतात. आणि मेंदूच्या घडणीत त्याचा मोठा वाटा आहे. २०१६ साली डायस-लोगन सिंड्रोम या नावाने एका दुर्मीळ स्थितीचं वर्णन झालं. या मुलांमध्ये बीसीएल११एच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली असते. बौद्धिक वाढ मंदावते, बोलणं उशिरा येतं. आणि त्यांच्या रक्तात एफ वाढलेलं असतं. रक्त तपासणाऱ्या माणसाने इथे क्षणभर थांबायला हवं. मूल उशिरा बोलतं म्हणून त्याच्या हिमोग्लोबिनचा आलेख कोण कशाला काढेल? पण काढला तर मेंदूतल्या बिघाडाची खूण डावीकडच्या त्या सुळक्यात सापडू शकते.

तर प्रश्न असा झाला: हे प्रथिन तांबड्या पेशींत बंद करायचं आणि मेंदूत, बी-पेशींत, मूळ पेशींत चालू ठेवायचं. ते जमणार कसं?

उत्तर त्या चाळणीतच होतं. २००७-०८च्या अभ्यासांत ज्या अक्षरांचा एफशी संबंध दिसला होता, ती प्रथिनाच्या रचनेत नव्हतीच. ती जनुकाच्या आतल्या, प्रथिनात न उतरणाऱ्या एका लांब पट्ट्यात होती, दुसऱ्या इन्ट्रॉनमध्ये. २०१३ साली डॅनियल बाउअर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्या पट्ट्यात एक एन्हान्सर, म्हणजे जनुकाचं काम वाढवणारा डीएनएचा तुकडा, आहे, आणि तो तांबड्या पेशींच्या वंशातच काम करतो. एकाच टाकीतून घरभर पाणी जातं, पण प्रत्येक खोलीला आपली तोटी असते. इथे नेमकी एका खोलीची तोटी सापडली. २०१५ साली याच गटाने क्रिस्पर या, डीएनए हव्या त्या जागी कापणाऱ्या तंत्राच्या साहाय्याने त्या एन्हान्सरमध्ये जवळजवळ प्रत्येक शक्य त्या ठिकाणी काप घेऊन पाहिले. सगळ्यात नाजूक जागा निघाली ती गाटा१ हे प्रथिन जिथे बसतं ती. तिथे काप घेतला की तांबड्या पेशींत बीसीएल११ए घसरतं, बाकी शरीराला त्याचा पत्ता नसतो.

माणसांमध्ये लहानमोठे नैसर्गिक फरक होतेच, तेही याच जागेत, आणि त्यांच्यामुळे कुणाचं एफ किंचित वर, कुणाचं किंचित खाली. त्या किंचित फरकाची टर उडवली गेली होती. त्याच फरकाने काप नेमका कुठे घ्यायचा ते दाखवलं.

जुलै २०१९ मध्ये अमेरिकेत नॅशव्हिल इथे व्हिक्टोरिया ग्रे या बाईंना त्यांच्याच, पण नेमक्या त्या जागी काप घेऊन संपादित केलेल्या मूळ पेशी परत देण्यात आल्या. सिकलसेलसाठी हा उपचार घेणाऱ्या त्या पहिल्या. त्यांनी आपला अनुभव पुढे अनेकदा जाहीरपणे सांगितला आहे. उपचाराला कॅसजेव्ही हे नाव मिळालं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने त्याला मान्यता दिली, ८ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेने. क्रिस्परवर आधारलेलं मान्यता मिळालेलं हे जगातलं पहिलं औषध. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पुरेसा काळ देखरेखीखाली असलेल्या ३० जणांपैकी २९ जणांना सलग किमान वर्षभर तीव्र क्रायसिस आला नाही. बीटा थॅलेसेमियाच्या ३५ रुग्णांपैकी ३२ जणांची रक्त भरून घेण्यातून सुटका झाली. थॅलेसेमियात बीटा साखळी कमी पडते किंवा बनतच नाही, आणि जोडीदार न मिळालेल्या अल्फा साखळ्या पेशीचं वाटोळं करतात. गॅमा जागं झालं की त्यांना जोडीदार मिळतो. आजार दोन, काप एकच.

उपचारानंतरचा आलेख कसा दिसत असेल, याचा मी बराच विचार करते. डावीकडे एफचा भक्कम सुळका, एकूण हिमोग्लोबिनच्या सुमारे ४० टक्के. आणि उजवीकडे, साडेचार मिनिटांच्या आसपास, 'एस', म्हणजे सिकलसेलचं हिमोग्लोबिन, तसाच उभा. सिकलसेल गेलेला नाही. त्या माणसाचं बीटा जनुक होतं तसंच आहे, आणि मुलांना वारशाने जायचं ते तसंच जाऊ शकतं, कारण संपादन फक्त रक्ताच्या मूळ पेशींत झालेलं आहे. पुढेमागे ज्याला पूर्वेतिहास माहीत नाही असा कुणी तो कागद वाचेल तेव्हा तो चक्रावणार. पण दोष न दुरुस्त करता माणूस बरा होऊ शकतो, हे इतक्या उघडपणे दाखवणारा दुसरा अहवाल मला माहीत नाही.

आता या सोहळ्याची किंमत. आधी मूळ पेशी औषध देऊन रक्तात उतरवायच्या आणि गोळा करायच्या, कधीकधी एकाहून अधिक फेऱ्यांमध्ये. त्या प्रयोगशाळेत संपादित व्हायला महिने जातात. मग बुसल्फान हे केमोथेरपीचं औषध देऊन अस्थिमज्जा रिकामी करायची, म्हणजे नव्या पेशींना जागा होईल. त्या काळात संसर्गाची भीती, रुग्णालयात आठवडेच्या आठवडे. बुसल्फानने वंध्यत्व येऊ शकतं, आणि हा तरुण माणसांचा आजार आहे. अमेरिकेत औषधाची जाहीर किंमत २२ लाख डॉलर. सिकलसेलचे बहुसंख्य रुग्ण ज्या देशांत जन्माला येतात तिथे हा उपचार पोहोचायला अजून कुठलीच सोपी वाट नाही. हे विज्ञान थोर आहे असं म्हणताना ही वाक्यं वगळणारे लेखन मला अप्रामाणिक वाटतं.

म्हणून खरी आस आहे ती गोळीची. प्रतिलेखनावर, म्हणजे जनुकाची प्रत काढण्यावर, नियंत्रण ठेवणाऱ्या प्रथिनांविरुद्ध गोळी बनवणं फार काळ जवळजवळ अशक्य मानलं गेलं, कारण औषधाचा रेणू जाऊन बसेल अशी खोल खाच त्यांच्यात सहसा नसते. हा समज पहिल्यांदा हलवला तो थॅलिडोमाइडच्या घराण्यातल्या औषधांनी. ती सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनाला चिकटतात आणि त्याच्याकरवी काही झिंक फिंगर प्रथिनांना पेशीच्या मोडीत काढायला लावतात. बीसीएल११ए झिंक फिंगर प्रथिनच आहे, त्यामुळे इथेही तसं करता येईल हा विचार साहजिक. पण गोळी एका खोलीपुरती नसते. ती रक्तातून सगळीकडे जाते, आणि बीसीएल११ए मोठ्या माणसाच्या मेंदूतही असतं, मूळ पेशींतही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका कामात संशोधकांनी म्हणूनच वेगळं लक्ष्य निवडलं: विझ नावाचं, गॅमा बंद ठेवण्यात हातभार लावणारं दुसरंच प्रथिन. गोळीसारख्या छोट्या रेणूने ते मोडीत काढलं आणि प्राण्यांमध्ये एफ वाढलं. माणसांत असं एखादं औषध वर्षानुवर्षं रोज घेतलं तर काय होईल, याचं उत्तर चाचण्याच देतील, आणि त्यात मला एकाच गोष्टीवर नजर ठेवायची आहे: एफचा आकडा किती वाढला यावर नव्हे, ते किती पेशींमध्ये पोहोचलं यावर.